लेनोराची किंमत

११ जानेवारी
वायव्येचा वारा, जोराचा. उणे अकरा.

वरची ओळ आईसारखी लिहिली. वही तिचीच आहे. पहिल्या चाळीस पानांवर तिच्या अक्षरात वारा, किती पिंजरे उचलले, किती पौंड शेवंड मिळाली, एवढंच. शेवटची नोंद गेल्या जूनमधली आहे: "दक्षिणेचा वारा. ११० पिंजरे. कंबर धरलीय." ऑक्टोबरात ती गेली. पुढची पानं कोरी पाहून व्हर्ना आत्या म्हणाली, "चांगला कागद आहे, पाण्यानं भिजत नाही. लिही काहीतरी मार्नी, नाहीतर एक दिवस फुटशील." मी फुटत-बिटत नाही. मला काही होतच नाही.

कॉलेजचे तिन्ही अर्ज गेले. शाळेतले पेल्की सर म्हणाले होते, निबंधात आईबद्दल लिही, वाचणाऱ्याच्या काळजाला भिडेल. मी लिहिलं, आमच्याकडे कुठलीच बोट निळी का नसते. निळा रंग लावला की समुद्राला वाटतं, ही आपलीच, आणि तो घेऊन जातो. सरांनी वाचलं, चष्मा काढला, परत घातला. म्हणाले, "बरं. हेही चालेल."

२७ जानेवारी

आज बाबानं आर्थिक मदतीचा फॉर्म भरला. पालकांचा भाग पालकांनीच भरायचा असतो, म्हणून मला त्यानं जवळ येऊ दिलं नाही. दोन तास स्वयंपाकघरात बसला होता. मी दारातून बघत होते. एका बोटानं टाइप करतो आणि प्रत्येक अक्षरानंतर वर बघतो, ते खरंच उमटलं का म्हणून.

एका रकान्याशी अडला. उठून खिडकीशी गेला. बाहेर आमची बोट, लेनोरा, उभी आहे, पांढऱ्या प्लास्टिकच्या तंबूत, लाकडी टेकूंवर. दर हिवाळ्यात ती अंगणात येते आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत नाक खुपसून एप्रिलपर्यंत राहते. इथं सगळ्यांच्या बोटींना बायकांची नाहीतर मुलींची नावं असतात. आमचीला आईचं. बाबा तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला, मग येऊन एक आकडा टाइप केला. शून्याचं बटण तर असं दाबलं की टेबल हललं.

"झालं," म्हणाला. चेहरा खुलला होता. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदाच. कशानं ते विचारलं नाही.

१६ फेब्रुवारी
बर्फ. वारा नाही.

राज्य विद्यापीठानं घेतलं. दीड तासावर आहे. घरी राहून जाता येईल, शनिवार-रविवार बोटीवर काम करता येईल. बाबाला सांगितलं. तो म्हणाला, "चांगलं आहे." मग म्हणाला, "आणि ते दुसरं? दगडांचं?"

दगडांचं म्हणजे थॉर्नबरी. मॅसॅच्युसेट्समधलं. दोन वर्षांपूर्वी तिथल्या एक बाई विद्यार्थ्यांना घेऊन आमच्या किनाऱ्यावर आल्या होत्या. ज्या खडकावर मी लहानपणापासून बसून सँडविच खाते, त्यावर हात ठेवून त्यांनी सांगितलं की हा ज्वालामुखीतून आलाय, चाळीस कोटी वर्षांपूर्वी. त्या दिवसापासून मला तेच शिकायचं आहे. आत्या अजून हसते. "कोळ्याची पोर, चारी बाजूंनी पाणी, आणि ही शिकणार दगड!"

"त्यांचं मार्चच्या शेवटी कळेल," मी म्हटलं.

बाबा "हं" म्हणाला आणि बीन्स गरम करायला लागला. विद्यापीठाचं ऐकून त्याला सुटल्यासारखं वाटलं असणार. वाटणारच. आई एकोणीस वर्षं त्याची खलाशी होती. ती गेल्यावर ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत प्रत्येक सुट्टीला मीच मागे उभी राहून पिंजऱ्यांत आमिष भरत होते, शेवंडीच्या नांग्यांना रबर बँड लावत होते. मी गेले तर कोण आहे त्याला?

आनंद व्हायला हवा होता. आत शोधून पाहिलं. दातांच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गालाला बोट लावून बघावं तसं. तिथं गाल आहे एवढंच कळतं.

३ मार्च

बाबा विचित्र वागतो आहे. रोज जेवण झालं की आमिषाच्या जाळीच्या पिशव्या घेऊन बसतो आणि घड्याळ लावून त्या भरतो, बांधतो. खऱ्या माशांऐवजी जुने मोजे कोंबतो. ते माझं काम आहे. आधी आईचं होतं. मला हळू येतं हे मला माहीत आहे, पण ते असं दाखवून द्यायची काय गरज? तोंडानं सांगावं.

आणि गॅरेजात तो लेनोराचा दोर ओढायच्या यंत्राचा दांडा सोडवून बसलाय. म्हणतो, जरा मागे सरकवायचाय. इतकी वर्षं होता तिथं काय वाईट होतं? नाही विचारलं. आमच्या घरात सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली आहे. सगळे म्हणजे दोघं.

१९ मार्च

ओहायोमधल्या कॅसवेल कॉलेजचं पत्र. घेतलं, वर मोठी शिष्यवृत्ती. जवळजवळ फुकट. आत्या धक्क्यावरून कामाच्या बुटांतच आली, मला मिठी मारली, माझ्या स्वेटरला आमिषाच्या हेरिंग माशांचा वास लावून गेली. "फुकट ते पौष्टिक!" म्हणाली. "दगड तिकडेही असतीलच की."

दगडांचा विभाग तिथं नाही, मी पाहिलंय. समुद्र तर हजार मैलांवर.

बाबानं नकाशा काढला आणि बोटानं अंतर मोजलं. मग बोट तिथंच ठेवून बसला.

२८ मार्च
नैर्ऋत्येचा वारा. बर्फ वितळतंय, सगळीकडे चिखल.

थॉर्नबरीनं घेतलं.

संध्याकाळी सात वाजता कळणार होतं. मी सात वाजून चाळीस मिनिटांनी उघडलं, कारण कपडे वाळवायच्या मशीनमध्ये होते. पडद्यावर रंगीत कागदाचे तुकडे उडाले. मी बघत बसले, ते उडायचे थांबेपर्यंत. मग कपड्यांच्या घड्या केल्या.

बाबाला सांगितलं तेव्हा तो भांडी घासत होता. त्यानं नळ बंद केला. "अच्छा," म्हणाला. बाहेर गेला. दहा मिनिटांनी परत आला तेव्हा डोळे लाल होते. चिखलात कुठं गेला होतास, म्हटलं, तर म्हणे, लेनोराचं प्लास्टिक सैल झालंय. वारा तर पडला होता.

त्याला वाईट वाटलं असणार. मलाही वाटायला हवं. काहीच वाटलं नाही, फक्त भूक लागली. दूध घालून सिरियल खाल्लं.

३० मार्च

थॉर्नबरीचं मदतीचं पत्र आलं. मदत जवळजवळ नाहीच. दर वर्षी आम्ही सेहेचाळीस हजार डॉलर द्यायचे. पुन्हा वाचलं. तेवढेच. गेलं सगळं वर्ष धरून बाबानं तेवढे मिळवले असतील तर देव पावला.

बाबानं कागद हातात घेतला, उजेडाकडे धरला. "चुकलंय त्यांचं काहीतरी," म्हणाला.

"कॉलेजं चुकत नाहीत बाबा."

"माणसं असतात ना तिथं? मग चुकतात."

मी म्हटलं, राज्य विद्यापीठ आहे की. त्यानं मान हलवली, पण हो की नाही ते कळलं नाही. उत्तर एक मेच्या आत द्यायचंय.

३ एप्रिल

पेल्की सरांनी बोलावलं. त्यांच्या खोलीत कायम पेपरमिंटचा वास असतो आणि कुठल्याशा कॉलेजची पाण्याची बाटली उपडी पडलेली. त्यांनी कॉम्प्युटरवर आमचा फॉर्म उघडला.

"मार्नी, तुमच्याकडे दुसरी बोट आहे का?"

"नाही."

"मोठी? नवी?"

"नाही सर. लेनोराच. तुम्ही पाहिलीय ती. चौथीत असताना तुम्ही आमच्या वर्गाला घेऊन आला होतात आणि तिच्यावर ओकला होतात."

त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. धंद्यातली मालमत्ता, आज विकल्यास किती येतील: तीन लाख डॉलर.

मला हसू आलं. खूप दिवसांनी. आवाज कसा तरीच निघाला, सरांनी पेपरमिंट पुढे केलं. आमच्या बंदरात एवढी किंमत असलेली वस्तू एकच आहे, ती म्हणजे चर्च.

"हात दाखवून अवलक्षण," सर म्हणाले. "कॉलेजला वाटलं, तुम्ही श्रीमंत आहात. दुरुस्त करता येईल. पण वडिलांना लिहून द्यावं लागेल, की बोट खरं तर कशी आहे, काय काय मोडलंय, किती किंमत. किंमत ठरवणाऱ्या माणसाचा कागदही लागेल. लिहितील ना ते?"

सर इथलेच आहेत. त्यांनाही माहीत आहे. बोटीवर डुकराचं नाव काढायचं नाही, डेकवरच्या खणाचं झाकण पालथं ठेवायचं नाही, आणि सगळ्यात मोठं म्हणजे तिच्या कानावर पडेल असं तिला नाव ठेवायचं नाही. ज्या बोटीची मालक निंदा करतो ती त्याला परत आणत नाही. आत्याचा नवरा धक्क्यावर सगळ्यांसमोर आपल्या बोटीला डबडं म्हणाला होता. पुढच्याच आठवड्यात ती खडकावर चढली. तो वाचला, पण आजही कुणी त्याची कीव करत नाही.

४ एप्रिल

जेवताना बाबाला विचारलं. "तीन लाख का लिहिलंस?"

तो चावायचा थांबला. खिडकीकडे बघितलं. खिडकीत लेनोराचं नाक. "हळू बोल," म्हणाला.

"बाबा, ती तीन लाखांची नाहीये."

"हळू!" मग उठून त्यानं रेडिओ मोठा केला आणि माझ्या कानाशी वाकला. "त्यांनी विचारलं, आज विकली तर किती येतील. मी म्हटलं, तीन लाखांखाली मी कुणाला तिला हात लावू देणार नाही. खोटं काय लिहिलं? जे आहे ते लिहिलं."

"तुला ती विकायची आहे का विचारत नव्हते ते."

"तिचं नाव काय आहे?" बाबा म्हणाला. "त्या रकान्याच्या वर बोटीचं नाव लिहायचं होतं. नाव लिहिलं. मग त्यापुढे काय लिहू? पन्नास हजार?"

आपला तो बाब्या म्हणतात, तसलं काहीतरी बोलायला माझं तोंड उघडलं होतं, मिटलं. रेडिओवर माशांचे भाव चालले होते. मी म्हटलं, जाऊ दे, मी विद्यापीठात जाते, घरी राहते, तुलाही बरं.

बाबानं माझ्याकडे असं बघितलं जसं मी डुकराचं नाव काढलं. "मला कशाला बरं?" म्हणाला.

मी ताटं उचलली. हे उगाच विचारायचं म्हणून विचारतात लोक.

६ एप्रिल, शनिवार
वारा पडलेला. धुकं.

शनिवारी अख्खं गाव आपला कचरा घेऊन गावाबाहेरच्या डेपोवर जातं. आम्हीही गेलो. पिशव्या टाकल्या, बाटल्या वेगळ्या केल्या. मला वाटलं, आता घरी. बाबानं ट्रक कडेला घेतला, जुन्या फ्रिजांच्या रांगेपाशी, आणि इंजिन बंद केलं. खिशातून कागद काढला, पेन काढलं.

"इथं?" मी म्हटलं.

"इथून तिला ऐकू येत नाही. पाच मैल आहे आणि मध्ये टेकडी." त्यानं कागद स्टिअरिंगवर ठेवला. "तू खाली उतर. मी बोलत बोलत लिहितो, आणि तू ऐकू नयेस असंही आहे यात."

मी उतरले. पाऊण तास फ्रिज बघत फिरले. एकावर कुणाच्या तरी नातवंडांची चुंबकं तशीच चिकटलेली होती. ओळखीची माणसं पिशव्या टाकून जात होती, मला हात करत होती. कुणी विचारलं नाही, डवाइट क्रॉली कचरा डेपोत बसून काय लिहितोय. इथं सगळ्यांना माहीत आहे की प्रत्येकाला कुठेतरी काहीतरी टाकायचं असतं.

बाबानं काच खाली केली. "'डागडुजी'त 'डु' ऱ्हस्व की दीर्घ?"

"ऱ्हस्व."

काच वर गेली.

९ एप्रिल

बोटींची किंमत ठरवणारा माणूस आला. बाबानं त्याला आधीच रस्त्यावर गाठून सांगितलं, काय बघायचंय ते बघ, पण अंगणात एक शब्द बोलायचा नाही. तो बिचारा तासभर बोटीखाली सरपटत होता, आणि काही सापडलं की बाबाकडे बघून नुसत्या भुवया उडवायचा. बाबा मान हलवायचा. मग दोघं चालत थेट पोस्टाच्या पेटीपर्यंत गेले आणि तिथं बोलले. मी खिडकीतून बघत होते. एरवी मला हे फार मजेशीर वाटलं असतं.

१२ एप्रिल

आज पेल्की सरांनी कागद कॉलेजला पाठवले. पाठवण्याआधी मला वाचायला दिले, माझी सही लागत होती म्हणून. बाबाचं पत्र मी इथं उतरवून ठेवते.

"महोदय, जानेवारीत मी माझ्या बोटीची किंमत तीन लाख लिहिली. ती चूक माझी, मुलीची नाही. तिला ठाऊक नव्हतं. खरी किंमत सोबतच्या कागदावर आहे, एक्कावन्न हजार. बोट अडतीस वर्षांची आहे. इंजिन दोनदा खोलून बांधलेलं, थंडीत धूर काढतं. उजवीकडे पाण्याखाली दोन जागी डागडुजी आहे. मागचं डेक झिजलंय. माझी बायको एकोणीस वर्षं जिथं उभी राहिली तिथं दोन पावलांएवढे खळगे आहेत. ते बुजवता येतील, मी बुजवलेले नाहीत. बोटीवर खलाशी नाही. पहिली ऑक्टोबरमध्ये वारली. दुसरी सप्टेंबरमध्ये तुमच्याकडे येते आहे. मी एकट्यानं चालवायला शिकतो आहे. आपला, डवाइट क्रॉली."

मी सही केली. सर खिडकीबाहेर बघत होते. मी शेवटाकडच्या एका ओळीवर परत गेले, कारण तिथं "येते आहे" लिहिलंय. "आली तर" नाही.

घरी आले. बाबा धक्क्यावर गेला होता. मी प्लास्टिकखालून शिडी लावून लेनोरावर चढले आणि मागे जाऊन उभी राहिले. बूट काढले. मोज्यांतून खळगे लागले. तीन महिने प्रत्येक शनिवार-रविवार मी त्यातच उभी राहून काम केलं होतं आणि मला वाटत होतं, डेक असंच असतं.

मग मी रडले. खूप वेळ. कुरूप, नाकातोंडातून. हे लिहून ठेवते कारण तारीख लक्षात राहावी.

१३ एप्रिल

आज परत काही नाही. बरंच झोपले.

२४ एप्रिल
आग्नेयेचा वारा, पावसाची झड.

थॉर्नबरीचं उत्तर आलं. फॉर्म दुरुस्त केला. आता आम्ही वर्षाला पाच हजार द्यायचे, आणि मी तिथं लायब्ररीत काम करायचं. कॅसवेलपेक्षा थोडंच जास्त. राज्य विद्यापीठापेक्षा कमी.

आत्या म्हणाली, "बघ, गरिबी सिद्ध करायलाही लिहिता यावं लागतं." मग बाबाच्या पाठीत धपाटा घातला. "तीन लाख म्हणे! इतकी वर्षं मी तुला शहाणा समजत होते."

बाबा मोज्यांच्या पिशव्या बांधत होता. आता त्याला एका पिशवीला अकरा सेकंद लागतात. मला तेरा.

मला विचारायचं होतं, तू एकटा कसा करशील, पाय दोरात अडकला तर मागे कोण असेल. विचारलं. तो म्हणाला, "व्हर्नाचा नवरा येतो म्हणालाय मंगळवार-गुरुवार. त्याला कुणी बोटीवर घेत नाही ना."

"त्यानं बोटीला डबडं म्हटलं होतं."

"माझीला नाही म्हटलं."

३० एप्रिल
हलका दक्षिणेचा वारा. स्वच्छ.

सकाळी थॉर्नबरीला होकार पाठवला. बटण दाबलं.

मग लेनोराला पाण्यात सोडायचं होतं. ट्रेलरवाला धक्क्याच्या उतारावर वाट बघत होता, भरती ओसरायच्या आत काम उरकायचं म्हणून. बाबानं त्याला थांबवलं. लोक गोळा झाले होते, कॉफीचे कप घेऊन, कारण पहिल्या बोटीच्या दिवशी असे होतातच. बाबानं टोपी काढली आणि बोटीच्या नावाशी, पाठच्या बाजूला, जाऊन उभा राहिला. मला बोलावलं.

"आपण तिच्याबद्दल वाईट लिहिलंय," हळूच म्हणाला. "तिला कळलं नसेल, पण मला माहीत आहे. जायच्या आधी काहीतरी चांगलं बोल. हात लावून बोल."

"तू बोल."

"मी रोज बोलतो. तू बोल."

ट्रेलरवाला घड्याळ बघत होता. आत्यानं कप तोंडाशीच धरून ठेवला होता. मी हात ठेवला. L या अक्षरावर. रंग नवा होता, अजून किंचित चिकट. काय बोलायचं ते येईना. मग आलं.

"लेनोरा," मी म्हटलं, "तू तीन लाखांची आहेस. त्याखाली बाबा तुला कुणाला हात लावू देणार नाही. आणि तुझ्या मागचे खळगे कुणी बुजवायचे नाहीत, मी येईपर्यंत."

हाताखाली ती गार होती. खूप गार, दुखेल इतकी. मी हात काढला नाही.

बाबानं नाक शिंकरलं, टोपी घातली, ट्रेलरवाल्याला खूण केली. "पुरे आता," म्हणाला. "फार चढवू नकोस तिला. अजून इंजिन सुरू व्हायचंय."